पहिल्या बॅचची

शोरूममधल्या नव्या गाडीचं बॉनेट उघडून भोईटेकाका बराच वेळ आत बघत राहिले. एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक असलेला माणूस, म्हणून हेमलता त्यांना मुद्दाम सोबत घेऊन आली होती.

"घेऊ नकोस," हात पुसत काका म्हणाले. "हे मॉडेल येऊन तीनच महिने झालेत. पहिल्या वर्षी कंपनी गिऱ्हाइकाच्या जिवावर शिकते. दोन वर्षं थांब, हिच्या खोडी कळू देत."

"सगळेच थांबले तर कळणार कशा?"

"दुसऱ्या कुणाला तरी कळू देत की."

हेमलतानं बॉनेट खाली आपटलं. "काका, डेपोतल्या बाई ड्रायव्हरांच्या पहिल्या बॅचची मी. पहिल्या दिवशी मला स्टिअरिंगवर बघून अख्खी एसटी रिकामी झाली. म्हणाले, आधी हिचा हात बसू दे. एकच माणूस मांडीवर डबा घेऊन बसून राहिला. तुम्ही का नाही उतरलात?"

"पुढची गाडी दोन तासांनी होती," काका पुटपुटले.

"खोटं. ती मागंच उभी होती."

हेमलतानं सेल्समनकडून चक्कर मारायला चावी घेतली आणि स्टिअरिंगवर बसली. बाजूचं दार उघडलं. काका आत बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि कंडक्टर डबल बेल देतो तसं डॅशबोर्डवर बोटानं दोनदा वाजवलं.