हंसाच्या कपाळावरचा उजेड

माथेरानच्या तबेल्यात हंसा घोडी आडवी पडली होती. तिचा मालक वसंत ढेबे याने "हंसा, ए बाय" अशी हाक मारली, तशी तिच्या कपाळावरची इवलीशी काच हिरवी उजळली. हल्ली सगळ्याच घोड्यांच्या मेंदूत सेन्सर असत. आनंदाचं रसायन सुटलं, की कपाळावरची काच चमके.

"बघा मॅडम, अजून खूश आहे ती. कायमचं झोपवायचं इंजेक्शन नको."

डॉक्टर शुभदा कर्णिक हंसाच्या मोडलेल्या पायाशी बसल्या होत्या. "ढेबेमामा, तुम्ही आलात म्हणून ती खूश आहे. पण हा पाय आता बरा व्हायचा नाही. जरा बाहेर जाऊन बघा तिच्याकडे."

वसंत दाराआड उभा राहून फटीतून पाहू लागला. काच विझली. हंसा कण्हत मान जमिनीवर आपटू लागली. त्याला ते बघवेना. तो आत आला, त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांना मानेनेच होकार दिला.

सुई टोचली तेव्हा तो तिच्या कानाशी लागून तिच्या पहिल्या शिंगराच्या गोष्टी सांगत होता. काच पुन्हा हिरवी झाली होती. ती हळूहळू मंदावली आणि विझली, तरी तो बोलतच राहिला. डॉक्टरांनीही त्याला थांबवलं नाही.