दुसऱ्या अंकातला काळोख

“यंत्राला संवाद कळतात का गं?” नाटक कंपनीच्या मालकांनी विचारलं. “दुसऱ्या अंकात तुझ्या आईचं स्वगत रंगात आलं, की बरोब्बर दिवे जातात. विंगेतून संवाद सांगणाऱ्या बिचाऱ्या प्रॉम्प्टरला अंधारात धावावं लागतं, बाई कुठे धडपडू नयेत म्हणून. एरवी सगळं ठणठणीत. चमत्कारच म्हणायचा!”

प्रकाशाच्या केबिनमध्ये जमिनीवर बसून ती दिव्यांच्या जुनाट कन्सोलची पाठ उघडत होती. नाट्यगृहांची थकलेली यंत्रं दुरुस्त करणं हाच तिचा धंदा. पण या यंत्रावर तिचे बाबा बसत, आणि खाली रंगमंचावर तिची आई उभी राही.

“आज दुपारच्या प्रयोगाला दिवे गेले, तर तुझ्या बाबांनी उद्यापासून घरी बसायचं. खूप खपवून घेतलं मी,” असं म्हणून मालक तरातरा जिना उतरून गेले.

घरी बसायचं! सुट्टीच्या दिवशीसुद्धा जो माणूस घरातले बल्ब पुसत फिरतो, तो घरी बसून करणार काय? झुरून मरेल.

मागच्या खेपेला तिने कन्सोलचा वीजपुरवठा बदलला होता. आतले कपॅसिटर फुगून टम्म झाले होते. दिवे कमीजास्त करायचे फेडर धुळीने अडकत होते, तेही साफ केले. तरी दिवे गेलेच. सगळे एकदम गेले आणि जरा वेळाने आपणहून आले. यंत्र मोडतं तेव्हा इतक्या शहाणपणाने मोडत नाही. तिला खुपत होतं ते हेच.

तेवढ्यात आईचा फोन आला.

“अगं, तुझ्या बाबांना झालंय तरी काय?” आईने नेहमीचा पाढा सुरू केला. “माझा चष्मा लपवतात. कपाटाच्या किल्ल्या शोधून शोधून थकले, तर सापडल्या यांच्या खिशात! शिलाई मशीनचं पेडलसुद्धा पळवलंय. विचारलं तर नुसते हसतात.”

“काही भांडण झालं का तुमचं?”

“मी कशाला भांडू? यांनाच माझ्या टाळ्या बघवत नाहीत. नाहीतर दिवे माझ्याच वेळी कसे जातात?”

एरवी तिने हे हसण्यावारी नेलं असतं. आज हसू येईना. एके काळी बाबाही नट होते. मग टाळ्या आईच्या वाट्याला आल्या आणि बाबांच्या वाट्याला ही केबिन. मनात काय काय साचलं असेल, कोण जाणे.

बाबा आले, खुर्चीत टेकले आणि सवयीने डावा बूट काढून ठेवला. पाय सुजतो म्हणत.

“सापडलं का काही?”

“नाही अजून. बाबा, तुमचं आणि आईचं बिनसलंय का?”

“लग्न झालं तेव्हापासूनच!”

“चेष्टा नको. खरं सांगा.”

“जुनं झालंय गं,” कन्सोलवरून हात फिरवत ते म्हणाले. “सांभाळून घ्यायचं.”

“मग मालकांना नवं घेऊ दे की.”

“मुळीच नको!” ते एकदम तडकले. “नवं यंत्र ठरल्या वेळी दिवे लावणार, ठरल्या वेळी विझवणार. माझं कुठे ऐकणार ते?”

मग ओशाळून चहा आणायला गेले.

तिने कन्सोलच्या मागे हात घातला. एक बारीक वायर बोटांना लागली. ती टेबलाच्या पायाला चिकटून थेट गालिच्याखाली गेली होती. तिने गालिचा उचलला. बाबांचा डावा पाय असतो तिथेच, खाली आईच्या शिलाई मशीनचं पेडल होतं.

तिने पेडल दाबलं. रंगमंच अंधारात गुडूप झाला. पाय उचलला, दिवे आले.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. आई खरंच बोलत होती तर! बायकोच्या टाळ्या खाणारा नवरा, आणि तो आपला बाप! त्याच्या तोंडावर पेडल फेकावंसं वाटलं तिला. पण मालकांना कळलं तर नोकरी जाईलच, वर लोक तोंडावर थुंकतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने कन्सोलच्या आत ती वायर तोडली, झाकण बसवलं, गालिचा सारखा केला. बाबांनी आणलेला चहा त्यांच्याकडे न बघता प्यायली.

प्रयोगाला ती केबिनमध्येच बसली. दुसरा अंक आला. खाली आई न्यायाधीशासमोर उभी राहून बोलू लागली आणि प्रेक्षागृह चिडीचूप झालं. बाबांनी डावा बूट काढला. प्रॉम्प्टरच्या कानात बोलायचा माईक ओठांशी ओढला. आईच्या शब्दाशब्दाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. नेमका कुठे घाव घालायचा ते पाठ करून ठेवलंय, तिच्या मनात आलं.

आई मध्येच थांबली.

बाबांचा गुडघा खाली दबला. दिवे लख्ख होते. त्यांनी पुन्हा दाबलं, मग पुन्हा, धडाधड. मग तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय केलंस गं हे?”

खाली आईने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, भरल्या प्रेक्षागृहासमोर वर केबिनकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी म्हणाली, “अहो, पुढचं सांगा ना!”