झुकतं माप

वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने एका पारड्यात सगुणाचं किलोचं वजन ठेवलं, दुसऱ्यात स्वतःचं. काटा मधोमध थांबला नाही, एवढंच सगुणाला दिसलं. शेंगा घ्यायला जमलेली गिऱ्हाइकं माना उंचावून बघत होती.

"तरी मी म्हणतच होतो, ही काटा मारते!" तिचे नेहमीचे गिऱ्हाईक तात्या ओरडले. दर बुधवारच्या बाजारात ते हेच म्हणत आणि वर एक मूठ शेंगा पिशवीत टाकून घेत.

"साहेब, हे सासऱ्यांच्या वेळचं वजन. माझ्या मनात खोट नव्हती, देवाशप्पथ!"

"बाई, मनात काय होतं ते हा कायदा विचारत नाही. वजन चुकीचं, की दंड." निरीक्षकाने वजन उलटं करून पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. बुडाच्या भोकात शिसं जरा जास्तच भरलेलं होतं. "अहो, हे जड आहे! किलोमागे पन्नास ग्रॅम तुम्हीच जास्त देत आलात."

सगुणाने श्वास सोडला. "दंड भरते, साहेब. पण चूक कुठल्या बाजूची, तेवढं मोठ्यानं सांगा."

त्याने खोक्यावर चढून सांगितलं. सगळा बाजार खदखदून हसला. तात्यांनी मुकाट्याने पिशवीतली एक मूठ टोपलीत परत टाकली.

सगुणाने ती उचलून पुन्हा त्यांच्या पिशवीत घातली.

"राहू द्या, तात्या. आजवर चुकून दिलं, हे मुद्दाम."