खांबापर्यंत

“मास्तर, उतरताय की खांद्यावर घेऊन जाऊ?”

ड्रायव्हरने खिडकीखाली उभं राहून रोजच्यासारखी हाक मारली. वरचा पडदा हलला आणि बऱ्याच वेळाने शिंपी मास्तर कठड्याला धरून जिना उतरून आले. शर्टाला इस्त्री, बूट चकचकीत. चेहरा तेवढा पांढराफटक होता.

“बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय? तुमचं बोला. पाय कसे आहेत?”

“ठणठणीत.”

हे धादांत खोटं होतं. आज ड्रायव्हरचं अंग शिशासारखं जड झालं होतं. सकाळी डोळे उघडल्यावर त्याला पुन्हा पांघरूण ओढून घ्यावंसं वाटलं होतं, आणि ते कायमचं. बायको गेली, पाठोपाठ बसची नोकरी संपली, तेव्हापासून त्याला उठायला कारणच उरलं नव्हतं. रक्तातली साखर वाढली, औषधं सुरू झाली. मुलीने त्याला व्यायामाच्या वर्गात घातलं, नवे बूट घेतले, घरात चालवायची सायकल आणली. सायकलीवर टॉवेल वाळू लागले. शेवटी मुलीने हात टेकले आणि बापाला मानसतज्ज्ञ बाईंकडे नेलं.

बाईंनी व्यायामाचा विषयच काढला नाही. मुलीला बाहेर बसवून त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे माझं एक काम आहे. माझ्याकडे एक शिंपी येतात. त्यांचं हृदय अशक्त आहे. रोज हळूहळू चालायला हवं, पण घर सोडत नाहीत. त्यांना तुम्ही बाहेर काढाल? मात्र यातलं त्यांना काही कळू देऊ नका. मानी माणूस आहे. आपल्याला कोणी सांभाळतंय म्हटलं की दार लावून घेतील.”

“एवढंच ना?” ड्रायव्हर म्हणाला. जन्मभर त्याने माणसंच वाहिली होती. त्यात आणखी एक.

“परत फिरायची जागा ठरवून टाका. कितीही कंटाळा आला तरी तिथे हात लावल्याशिवाय फिरायचं नाही. एकदा मधूनच परतलात की मन रोज सवलत मागतं.”

कालव्याच्या कडेचा शेवटचा दिव्याचा खांब ठरला.

बाईंनी या निमित्ताने आपल्यालाही चालतं केलं, हे ड्रायव्हरच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. जन्मभर आरशात मागचं बघून गाडी हाकलेला माणूस तो. पण त्याला राग आला नाही. स्वतःसाठी तो उंबराही ओलांडणार नव्हता. मास्तरांचं तसं नव्हतं, त्यांना कोणीतरी न्यायलाच हवं होतं.

आणि मास्तर म्हणजे गमतीचाच माणूस. दर बाकाशी थांबून म्हणायचे, “टेका जरा.” स्वतःला धाप लागली हे कबूल करायला लाजतात, असं ड्रायव्हर समजायचा आणि त्यांचा मान राखायला आधी आपण बसायचा. खिशात लिमलेटच्या गोळ्या कायम असायच्या आणि ड्रायव्हरला जरा घाम फुटला की ते त्या पुढे करायचे. एकदा तर त्यांनी ड्रायव्हरला बूट काढायला लावून टाचेवरचा फोड बघितला होता.

“माप घेताय की काय?”

“पायाच्या जखमेची हयगय करू नये,” मास्तर गंभीरपणे म्हणाले होते.

आज कालव्यावर गार वारा होता. दुसऱ्या बाकाशी मास्तर मटकन बसले.

“आज इथूनच फिरू या का? दमलेले दिसताय तुम्ही.”

ड्रायव्हर खरं तर त्या बाकावर आडवा व्हायलाही तयार होता. पण बाईंचं सवलतीचं बोलणं त्याला आठवलं. आज मास्तर मधून परतले तर उद्या खिडकीचा पडदाही हलणार नाही.

“मी आणि दमलेला? अजून दोन फेऱ्या मारीन. चला, खांब दिसतोय समोर.”

मास्तरांनी त्याचा चेहरा निरखला. “नक्की जायचंय तुम्हाला?”

“नक्की म्हणजे नक्की.”

मास्तर गुडघ्यांवर हात रेटून उठले. उरलेलं अंतर त्यांनी मान खाली घालून काटलं. खांबाला त्यांनी एक हात लावला, मग दुसरा लावला, आणि तसेच खाली घसरत गेले.

ड्रायव्हर आरडाओरडा करत रस्त्यात आडवा उभा राहिला. गाडी मिळाली. मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन तो सारखा “आलंच, आलंच” म्हणत होता. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी मास्तरांची नाडी बघितली आणि मान हलवली.

दोन दिवसांनी ड्रायव्हर पहिल्यांदाच तो जिना चढून वर गेला. शिलाईच्या यंत्रावर कापड घातलेलं होतं. मास्तरांची बायको खिडकीशी बसली होती, तिच्या मांडीवर मास्तरांचा त्या दिवशीचा शर्ट होता.

“वहिनी, मी मारलं त्यांना,” तो उभ्या उभ्याच म्हणाला. त्याला रडू आवरेना. “फिरू या म्हणत होते. मीच ओढत नेलं. त्या मानसतज्ज्ञ बाईंनी त्यांना माझ्या हवाली केलं होतं, आणि मी... माझीसुद्धा त्या दिवशी उठायची इच्छा नव्हती हो. फक्त त्यांच्यासाठी आलो.”

तिने शर्टाच्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या.

“या तुमच्याच. चालता चालता तुमची साखर उतरली तर हाताशी असाव्यात, म्हणून ठेवायचे.”

“माझी?”

“सकाळपासून छातीत कळ येत होती त्यांच्या. म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाले, राहू कसं? बाईंनी त्या ड्रायव्हरला माझ्या हवाली केलंय. मी नाही उतरलो तर तो पुन्हा अंथरूण धरेल.”