बिजलीबालेचा हात

मोहितने फोल्डरमधून दोन पानं काढली आणि टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. दोन्हींवर बिजलीबाला होती. अंगाला वाघाचं कातडं, हातात भाला, कंबर एका बाजूला काढून उभी. एके काळी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर तिची कॉमिक्स हातोहात खपायची. बाप ती पोरांच्या दप्तरातून काढून घ्यायचे आणि स्वतः वाचत बसायचे.

तिची चित्रं काढणारे बाळाप्पा आता ब्याऐंशीचे होते. कसबा बावड्यातल्या घरात खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर निपचित. त्यांची मुलगी शिवलीला चहाचे कप गोळा करत होती. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. पाहुणा येणार म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून माहेरी आली होती.

मोहित पुण्याचा. जुन्या कॉमिक्सच्या चित्रकारांवर तो पुस्तक करत होता आणि बाळाप्पांचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्याने पहिल्या पानावर बोट ठेवलं. ही देखणी आहे, तो म्हणाला, पण बघणाऱ्यासाठी उभी केल्यासारखी वाटते. मग दुसरं पान पुढे घेतलं. हे एक्याण्णवचं. कातडं तेच, कंबर तीच, पण हिचे तळवे जमिनीवर घट्ट टेकलेत आणि ही सरळ आपल्याकडे बघते. इथून पुढची सगळी चित्रं अशीच, आणि तीच तुमची सगळ्यात चांगली. त्या वर्षी असं काय झालं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

शिवलीला कप हातात धरून उभी राहिली. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"अंगावरनं वारं गेलं," बाळाप्पा म्हणाले. "उठलो तवा हात बदलला हुता."

मोहितने ते लिहून घेतलं. चला, मिटलं, असं शिवलीलाला वाटलं. सुटल्यासारखं झालं, आणि कुठेतरी लागलंही.

निघता निघता मोहितने दोन्ही पानांवर सही मागितली. शिवलीलाने टाक आणि शाई आणून दिली. बाळाप्पांनी डाव्या हाताने पहिल्या पानावर नाव काढलं. बराच वेळ लागला. मग दुसरं पान त्यांनी मुलीकडे सरकवलं.

"पावणं, ह्ये हिचं हाय. हितं हिची सही लागंल."

"आप्पा," ती एवढंच म्हणाली.

मोहित आधी हसला. मग त्याने मांडीवरचा तो हात पाहिला आणि हळूच विचारलं, हे तुम्ही काढलंत का. ती हो म्हणाली. आप्पा आजारी पडले तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि पुढच्या अंकाची पानं आठ दिवसांत पाठवायची होती. एका अंकापुरती म्हणून बसली, ती अकरा वर्षं उठली नाही. लग्नानंतरही आप्पांच्या हाताला तेल चोळायचं निमित्त करून दर गुरुवारी इथे यायची. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं, शाळेतही नव्हतं. आप्पा खुर्चीतून सांगायचे, ती काढायची. कधी कधी ऐकायची नाही.

"मग मॉडेल कोण होतं?" मोहितने विचारलं.

"कुणी नाही. दाराला कडी घालायची आणि कपाटाच्या आरशासमोर उभं राहायचं."

बाळाप्पांनी तोंड खिडकीकडे वळवलं. हे त्यांनाही आजच कळत होतं.

शिवलीलाने टाक बुडवला आणि बिजलीबालेच्या पायाशी आपलं नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

आल्यापासून तेच पान मोहितने कितीदा तरी उचलून उजेडात धरलं होतं, तिच्या खांद्यावर, कमरेवर बोट टेकवून बोलला होता. आता त्याची नजर त्यावर पडली, तशी त्याने ती बाजूला घेतली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने हात पुढे केला आणि पान पालथं घालायला घेतलं.

शिवलीलाने त्याचा हात अडवला.

"पालथं नका घालू," ती म्हणाली. "शाई ओली आहे अजून."