पिंपल्सचा विषय

वर्षभर गोळ्या गिळल्यावर धाकटीचा चेहरा कुठे नितळ झाला होता. पिंपल्स आटोक्यात ठेवणाऱ्या वनस्पतींच्या गोळ्या, सूज उतरवणारं माशाचं तेल, सगळं तिने नेमाने घेतलं होतं. लग्नासाठी मुलाला भेटायला निघाली तेव्हा आईने बजावलं, "पिंपल्सचा विषय चुकूनसुद्धा काढू नकोस."

कॅफेत समोर बसलेल्या मुलाचे दोन्ही गाल पिंपल्सनी भरलेले होते आणि तो बोलताना सारखा ते हाताने झाकत होता. तिला राहवलं नाही.

"मला तर याच्याहून जास्त होते," असं म्हणून तिने फोनमधला आपला जुना फोटो त्याच्यापुढे धरला.

मग काय, गोळ्या-तेलापासून सुरू झालेल्या गप्पांना ऊत आला. कॉफी निवून गेली. गालावरचा हात कधी खाली आला, ते त्यालाही कळलं नाही. घरी येताना धाकटीचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला.



"आई नको म्हणतेय. म्हणते, पुढे मुलांनाही पिंपल्स येतील. बाकी, त्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"