टपावरचं गाणं

"बाबा, कॅराव्हॅनमधून बाहेर सरकणाऱ्या खोलीवर कापडी छत बसवून घेऊ," वडिलांना शिडीवरून उतरवत मृण्मयी म्हणाली. "तिच्या टपावर सुरूच्या झाडांच्या काड्या साचतात, खोली आत घेताना अडकतात. या वयात तुम्ही किती झाडणार?"

गुहागरचा हा नेहमीचा हिवाळी मुक्काम यंदा पहिल्यांदाच आईवाचून होता.

"हे तुझ्या आईचं काम. मी खाली शिडी धरायचो, ती वर झाडताना गायची. घरात कधी गायली नाही. वर कुणी बघत नाही, म्हणायची."

मृण्मयीने आईला गाताना ऐकलंच नव्हतं. "कुठलं गाणं?"

"खराट्याच्या आवाजात शब्द कळायचे नाहीत." ते गुणगुणू लागले. मृण्मयी पायरीवर बसून ऐकत राहिली.

"बसव छत," शेवटी ते म्हणाले. "चाल लक्षात आहे माझ्या."